माऊस कुणाच्या हातात?

दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने, जुन्नर तालुक्यातल्या खोडदला मोठी गर्दी होते. नारायणगावहून निघालेल्या रस्त्यावर शाळांच्या बसगाड्या, टेम्पो आणि मोटारसायकलींची रांग लागते. जीएमआरटी या महाकाय रेडिओ दुर्बिणीचा एरवी सामसूम असणारा परिसर त्या दिवशी लोकांना खुला होतो आणि शाळा-कॉलेजची मुले आपापले प्रकल्प टेबलांवर मांडून उभी राहतात. आम्ही काही वर्षांपूर्वी तेथे गेलो होतो. विज्ञानातले आम्हाला फारसे कळत नाही. पोरे काय करतात ते पाहावे, एवढाच हेतू होता.

एका टेबलापाशी कॉम्प्युटर शाखेचे चार विद्यार्थी होते. कॉलेजचे नाव मुद्दाम लिहीत नाही. प्रकल्प बिबट्यावर होता. कॅमेरा, तळहाताएवढा एक छोटा संगणक आणि भोंगा. कॅमेऱ्यात बिबट्या दिसला की प्रोग्रॅम त्याला ओळखणार, भोंगा वाजणार आणि शेतकऱ्याच्या मोबाईलवर संदेश जाणार. तिघे पोरे आलटून पालटून छान समजावून सांगत होती. किती फोटो वापरले, ओळखण्यात चूक किती होते, सगळे तोंडपाठ. आम्ही सहज विचारले, "रोज रात्री भोंगा वाजला, तर बिबट्या किती दिवस घाबरेल?"

तिघे एकमेकांकडे पाहू लागले. मागे वायरच्या गुंडाळ्यापाशी उभा असलेला चौथा हळूच म्हणाला, "चार-पाच दिवस, सर. मग त्याला सवय होती. आमच्याकडे फटाके लावायचे, त्याचंबी असंच झालं." मग जरा थांबून म्हणाला, "आणि तो गोठ्याकडं येतो ते खरं, पण माणसाला गाठतो तो बांधावर. रात्रीची लाईट आली की माणूस मोटर चालू करायला जातो, तिथं खाली बसतो. बसल्या माणसाला तो जनावर समजतो. उभ्या माणसाच्या सहसा वाटंला जात नाय. म्हणून कॅमेरा मोटरीपाशी पाहिजे."

टेबलावरच्या चित्रात कॅमेरा गोठ्यावर होता.

आम्ही विचारले, "मग हे या मित्रांना सांगितलं नाहीस?" तो म्हणाला, "सांगितलं होतं." पुढे काही बोलला नाही. तक्त्यावर त्याचे नाव चौथे, म्हणजे शेवटचे होते. प्रकल्पात तुझे काम कोणते, असे विचारले तेव्हा कळले की रिपोर्ट टाइप करणे, झेरॉक्स काढणे आणि टेबल लावणे. कोडिंग? "ते लोक करतात." त्याचे आई-वडील दुसऱ्याच्या उसात मजुरीला जातात, हे त्याने नंतर चहा पिताना सांगितले.

वाचकांना वाटेल, एका पोराचे एवढे काय घेऊन बसलात? घेऊन बसलो, कारण ती तिन्ही पोरे वाईट नव्हती. त्याला नावाने हाक मारत होती, आपल्यातला वडापाव त्याला देत होती. कुणी त्याला जात विचारली असेल असे आम्हाला वाटत नाही. आणि तरीही चौघांतला ज्याला बिबट्या माहीत होता तोच प्रकल्पाच्या बाहेर उभा होता. हे कसे घडते? कुणी ठरवून करत नाही आणि तरी दरवर्षी, दर कॉलेजात, दर बॅचमध्ये तेच घडते. ज्याला आपण रीत म्हणतो ती अशीच चालते.

आता जरा त्या दुर्बिणीकडे पाहा, जिच्या सावलीत हे टेबल मांडले होते. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात ही दुर्बीण उभी राहिली. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. स्टीलच्या बारीक तारांची जाळी ताणून बांधलेल्या, म्हणून हलक्या आणि स्वस्त. त्यातल्या १४ डिश मधल्या साधारण एक चौरस किलोमीटरच्या जागेत आहेत आणि उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर दूरवर पसरल्या आहेत, त्यामुळे सगळी रचना सुमारे २५ किलोमीटरची होते. एकटी डिश आकाशाचे धड चित्र काढू शकत नाही. चित्र निघते ते दोन-दोन डिशची जोडी लावून, त्यांचे संदेश एकमेकांशी पडताळून. ३० डिशच्या अशा ४३५ जोड्या होतात. हे सगळे पडताळण्याचे काम संगणक करतात. पूर्वी त्यासाठी खास बनवलेली यंत्रे लागत. २०१० च्या सुमारास तेथील चमूने बाजारात मिळणारे साधे संगणक एकमेकांना जोडून हे काम प्रोग्रॅमवर आणले.

यात आम्हाला सर्वांत विलक्षण वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. दोन डिश शेजारी शेजारी असल्या तर त्यांना मोठे, पसरलेले काही असेल तेवढे दिसते. बारीक तपशील हवा असेल तर त्या एकमेकींपासून दूर हव्यात. जितक्या दूर, तितके चित्र रेखीव. सगळ्या ३० डिश एकाच आवारात दाटीने उभ्या केल्या असत्या तर खर्च तेवढाच झाला असता आणि दिसले असते फारच थोडे. तेथे काम करणाऱ्या कोणालाही हे ठाऊक आहे. पण त्याच आवारात दरवर्षी जे प्रकल्प येतात त्यांचे गट कसे झालेले असतात? एकाच आळीतले, एकाच हायस्कुलातले, एकाच क्लासचे तिघे-चौघे शेजारी शेजारी. आणि संख्या भरायला एक दुरून आलेला, ज्याचा संदेश कुणी जोडूनच घेत नाही.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत संगणकाचे शिक्षण आता नवलाईचे राहिलेले नाही. आंबेगावातील अवसरी खुर्द येथे २००९ साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. कुरण, ओतूर, बेल्हे या बाजूला खासगी अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. बीएस्सी कॉम्प्युटर आणि बीसीएचे वर्गही तालुक्याच्या पातळीवर आले आहेत. ज्या घरातून कुणी दहावीच्या पुढे गेले नव्हते त्या घरातली मुले-मुली तेथे शिकतात. स्कॉलरशिप वेळेवर येत नाही, एसटी वेळेवर येत नाही, तरी शिकतात. ही लहानसहान गोष्ट नाही.

पण प्रयोगशाळेत जाऊन उभे राहा. एका संगणकापुढे दोन-तीन जण बसलेले असतात. माऊस एकाच्याच हातात असतो. कुणाच्या? ज्याच्या घरी सातवी-आठवीपासून संगणक आहे त्याच्या. पडद्यावर आलेली इंग्रजीतली चूक ज्याला न अडखळता वाचता येते त्याच्या. ज्याला चुकायची लाज वाटत नाही त्याच्या. मुलगा आणि मुलगी असतील तर बहुधा मुलाच्या. बाकीचे पाहत बसतात. मग प्रॅक्टिकलचे जर्नल लिहायचे असते. ते आदल्या वर्षीच्या कुणाच्या तरी जर्नलवरून सुंदर अक्षरात उतरवले जाते, वर तांबड्या शाईची सही होते आणि संपले. हे जर्नल म्हणजे आपल्या विद्यापीठीय शिक्षणातले मोठे गूढ आहे. त्यात विद्यार्थ्याचे स्वतःचे काहीच नसते आणि गुण मात्र त्यालाच मिळतात.

याला 'सहशिक्षण' किंवा 'टीमवर्क' म्हणायचे असेल तर म्हणा. आम्ही त्याला गावकी म्हणतो. गावकीतही सगळे एकत्रच राहत होते की! प्रत्येकाचे काम ठरलेले होते. एकाने सांगायचे, दुसऱ्याने उचलायचे. चौघांच्या प्रकल्पात एकाच्या वाट्याला तीन वर्षे रिपोर्ट टायपिंग येत असेल, तर त्याला बलुतेदारी म्हणायला काय हरकत आहे? फरक एवढाच की येथे बलुतेसुद्धा मिळत नाही. कॅम्पस इंटरव्ह्यूला कंपनीचा माणूस विचारतो, प्रोजेक्टमध्ये तू काय केलेस? तेव्हा त्या पोराची जीभ टाळ्याला चिकटते. मग सगळे म्हणायला मोकळे होतात की, बघा, यांच्यात गुणवत्ता नाही.

गुणवत्तेच्या या गोष्टीवर एक जुना आणि पक्का दाखला आहे. अमेरिकेत, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे, १९७० च्या दशकात यूरी ट्रीसमन नावाचा एक तरुण संशोधक गणित शिकवत होता. कॅल्क्युलसच्या वर्गात काळे विद्यार्थी मोठ्या संख्येने नापास होत. का, असे विचारल्यावर प्राध्यापकांकडून नेहमीची उत्तरे आली. घरचे वातावरण नाही, अभ्यासाची ओढ नाही, गरिबी, कच्चा पाया. उत्तरे ओळखीची वाटतात ना? आपल्याकडे आरक्षणावर बोलताना हीच यादी वाचली जाते. ट्रीसमनने ही उत्तरे मानली नाहीत. त्याने २० काळे आणि २० चिनी वंशाचे विद्यार्थी निवडले आणि ते प्रत्यक्षात अभ्यास कसा करतात हे अनेक महिने त्यांच्यासोबत राहून पाहिले.

काळी मुले कष्टाळू होती. त्यांचे आई-बाप त्यांच्या शिक्षणासाठी जीव टाकत होते. पण ती एकटी अभ्यास करत होती. वर्ग सुटला की खोलीवर, दार बंद, आठवड्याला सांगितले तेवढे तास पुरे. मित्र वेगळे, अभ्यास वेगळा. याच मुलांना शाळेत असताना एकट्याने, इतरांपासून बाजूला राहून अभ्यास केल्यामुळेच यश मिळाले होते, त्यामुळे ती सवय सोडणे त्यांना जड जात होते. चिनी मुले मात्र आधी एकट्याने गणिते सोडवत आणि संध्याकाळी जेवणानंतर एकत्र बसून एकमेकांची उत्तरे तपासत. कोण कुठे चुकला, का चुकला, प्राध्यापकाला परीक्षेत काय हवे असते, हे सगळे तेथे बोलले जाई. एकट्या मुलाला मात्र चूक आपली आहे की गणितच अवघड आहे, हेही कळत नव्हते.

ट्रीसमनने उपाय काय केला? त्याने मागासांसाठी जादा तास काढले नाहीत, हे नीट लक्षात घ्या. त्याने एकत्र बसण्याची कार्यशाळा सुरू केली आणि नेहमीपेक्षा अवघड गणिते दिली. इतकी अवघड की एकट्याला सुटणार नाहीत, शेजाऱ्याशी बोलावेच लागेल. तुम्ही कच्चे आहात म्हणून या, असे न सांगता तुम्ही हुशार आहात म्हणून या, असे सांगितले. काळ्या विद्यार्थ्यांचे निकाल पालटले. पुढे अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांनी ही पद्धत उचलली.

हे वाचताना आम्हाला समाजकल्याणच्या वसतिगृहातल्या खोल्या दिसतात. भिंतीवर बाबासाहेबांचे चित्र, खाली सतरंजी, समोर पुस्तक आणि दार बंद. आपल्या घराघरात मुलांना काय सांगितले जाते? कुणाच्या नादी लागू नको, खाली मान घालून अभ्यास कर. आई-बापाने हे भीतीपोटी सांगितलेले असते आणि ती भीती खोटी नसते. २००६ साली नेमलेल्या प्रा. सुखदेव थोरात समितीने दिल्लीच्या एम्समधील स्थिती तपासली आणि २००७ च्या अहवालात वसतिगृह, मेस, खेळाचे मैदान सगळीकडे अनुसूचित जाती-जमातींचे विद्यार्थी वेगळे पाडले जातात हे नोंदवले. म्हणजे मुलगा दार बंद करतो, त्याआधी बाहेरून कुणीतरी ते ओढून घेतलेले असते. पण दार कुणीही बंद केले तरी तोटा आतल्याचाच होतो. संगणकाच्या विद्येत तर तो दुप्पट होतो, कारण ही विद्या पाठांतराची नाही. शंभर ओळींचा प्रोग्रॅम लिहिला तर पन्नास वेळा चुकतो, आणि चूक सापडते ती बहुधा दुसऱ्याला समजावून सांगताना. हा अनुभव घेतला नाही असा प्रोग्रॅमर आम्हाला अजून भेटलेला नाही.

बाबासाहेबांच्या आयुष्यातली दोन चित्रे येथे शेजारी ठेवावीशी वाटतात. पहिले साताऱ्याच्या शाळेतले. वर्गात इतरांपासून वेगळे बसायला घरून आणलेले गोणपाट, जे शाळेचा शिपाईही उचलत नसे, म्हणून रोज संध्याकाळी घरी न्यायचे आणि सकाळी परत आणायचे. दुसरे ९ मे १९१६ चे. न्यूयॉर्कचे कोलंबिया विद्यापीठ, डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या सेमिनारमध्ये २५ वर्षांचे भीमराव जातिसंस्थेवरचा आपला निबंध वाचत आहेत. हा निबंध पुढच्या वर्षी 'इंडियन अँटिक्वेरी'त छापला गेला आणि आजही जगभर वाचला जातो. तो लिहिला गेला सेमिनारसाठी. म्हणजे टेबलाभोवती बसलेल्या, प्रश्न विचारणाऱ्या, आडवे-तिडवे बोलणाऱ्या बरोबरीच्या माणसांसाठी. बुद्धी गोणपाटावर बसलेल्या मुलातही तीच होती. ती ऐकून घेणारे टेबल मिळायला सातासमुद्रापलीकडे जावे लागले. पुढे १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाल्यावर तेथे विद्यार्थ्यांची संसद चालवली गेली आणि खुद्द बाबासाहेब तीत हिंदू कोड बिलावर बोलले, ते उगीच नाही.

'शिका, संघटित व्हा, संघर्ष करा' हे आपण पायऱ्या मोजावे तसे म्हणतो. आधी शिकून घ्या, नोकरीला लागा, मग संघटनेचे बघू. आम्हाला अलीकडे वाटू लागले आहे की पहिले दोन शब्द एकाच वेळेचे आहेत.

जुन्नरकरांना हे नवे वाटू नये. शिवनेरी, मानमोडी, तुळजा, लेण्याद्री अशा चहूबाजूंच्या डोंगरांत दीडशेहून अधिक बौद्ध लेणी आहेत. लेण्याद्रीच्या ज्या विहारात आज गणपतीच्या दर्शनाला लोक जातात, त्याची रचना एकदा भाविकांच्या रांगेतून बाहेर येऊन पाहावी. तिन्ही बाजूंना एका माणसापुरत्या लहान खोल्या आणि मध्ये सर्वांचा मिळून एक मोठा मंडप. एकट्याने चिंतन करायला खोली आहे, पण खोलीचे दार उघडते ते मंडपात. जुन्नरच्या शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे वाचली तर धान्याच्या व्यापाऱ्यांची श्रेणी भेटते, बुरूडकाम करणाऱ्यांची आणि कासारांची श्रेणी भेटते, आणि संघाला भोजनमंडप देणारा चिट नावाचा यवनही भेटतो. पहिल्या संगीतीत विनय कुणी सांगितला? उपालीने, जो जन्माने न्हावी होता. आणि संगीती म्हणजे तरी काय, सर्वांनी मिळून म्हणणे. एक विसरला तर दुसरा आठवण देणार, एक चुकला तर दहा जण थांबवणार. संगणकवाले आज एकच माहिती चार ठिकाणी ठेवून चूक पकडतात. भिक्खूंनी ते कंठाने केले.

पण डोंगरावर जास्त रेंगाळलो, खाली येऊ.

आमचे म्हणणे साधे आहे. गट पाडणे ही विद्यार्थ्यांच्या मर्जीची बाब म्हणून सोडून देऊ नये. मर्जीवर सोडले की आळी, आडनाव, भाषा, पैसा आणि सीईटीचे गुण हेच गट पाडतात. रोल नंबरनेही पाडू नये, कारण हजेरीपटाचा क्रम कशावरून लागला हे मुलांना पक्के माहीत असते. गट शिक्षकांनी विचार करून पाडावेत आणि दर सत्राला बदलावेत. तमाशगिराच्या गावात, नारायणगावात, हे समजावून सांगायला नको. फडात ढोलकीवाला निराळा, सोंगाड्या निराळा, गाणारी निराळी. सगळेच ढोलकीवाले घेऊन वग उभा राहत नाही.

दुसरे, माऊसची पाळी लावावी. हे पोरखेळ वाटेल, पण जगात याला नाव आहे, पद्धत आहे. दोघांनी एका संगणकावर काम करायचे, एकाने लिहायचे, दुसऱ्याने पाहायचे, शंका काढायच्या, पुढचा विचार करायचा आणि थोड्या थोड्या वेळाने जागा बदलायच्या. याला पेअर प्रोग्रॅमिंग म्हणतात. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ही पद्धत कंपन्यांत गाजली. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात लॉरी विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पहिल्या वर्षाच्या वर्गात वापरून पाहिली. जोडीने शिकणारी मुले अभ्यासक्रम अर्ध्यावर सोडून न जाता उत्तीर्ण होण्याचे प्रमाण वाढले. यात सगळी मख्खी जागा बदलण्यात आहे. जागा बदलत नसेल तर ती जोडी राहत नाही, मालक आणि गडी होतात. भिंतीवरचे घड्याळ आणि शिक्षकाची शिट्टी, एवढाच खर्च आहे.

तिसरे काम जरा कठीण आहे. प्रत्येकाच्या हाती असा तुकडा द्यावा जो दुसऱ्याकडे नाही. १९७१ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन मुलांना प्रथमच एका वर्गात आणले तेव्हा मारामाऱ्या सुरू झाल्या. एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने धड्याचे तुकडे केले आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकेक दिला. परीक्षा सगळ्या धड्यावर. आता अडखळत इंग्रजी बोलणाऱ्या मेक्सिकन पोराची टिंगल करून भागेना, कारण त्याचा तुकडा त्याच्याकडूनच घ्यायचा होता. पोरे त्याला नीट प्रश्न विचारू लागली. द्वेष उपदेशाने जेवढा हटला नसता तेवढा गरजेने हटला.

आपल्या दोन तालुक्यांत असे तुकडे पडलेलेच आहेत, ते मुद्दाम पाडायला नकोत. पश्चिमेच्या आदिवासी पट्ट्यातल्या पोरीला हिरडा कधी झडतो, कुठे वाळतो आणि व्यापारी कोणत्या दिवशी भाव पाडतो हे ठाऊक आहे. बागायतदाराच्या पोराला नारायणगावच्या बाजारात टोमॅटोच्या क्रेटचा भाव सकाळी काय आणि दुपारी काय हे ठाऊक आहे. डिंभे धरणात ज्यांची जमीन गेली त्यांच्या नातवाला पाणी कधी उतरते आणि उघडी पडलेली जमीन कधी कसता येते हे ठाऊक आहे. कुणाला कोड लिहिता येते, कुणाला चित्र काढता येते, कुणाला माणसांशी बोलता येते. यातले कुणी एकटे काहीही उभारू शकणार नाही. पण विद्यापीठाच्या प्रकल्पांची यादी काढा. 'लायब्ररी मॅनेजमेंट सिस्टिम', 'ऑनलाइन शॉपिंग', 'हॉस्पिटल मॅनेजमेंट'. वीस वर्षे तीच. यात हिरड्याच्या माहितीचा उपयोग काय? प्रश्नच असे निवडले जातात की गावच्या पोराजवळचे ज्ञान निरुपयोगी ठरावे. मग त्याच्याकडे टायपिंगशिवाय देण्यासारखे काय उरते?

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातले माळीण गाव डोंगराखाली गाडले गेले. दीडशेहून अधिक माणसे गेली, बहुतेक आदिवासी. बाहेरच्या जगाला ते कळले कसे? एसटीच्या चालकाला रोजच्या वाटेवर गाव दिसले नाही म्हणून. पाऊस मोजणारे साधे यंत्र, त्याचा आकडा मोबाईलवर पाठवणारा प्रोग्रॅम, कोणत्या आकड्यानंतर गाव हलवायचे याचा हिशेब आणि रात्री दोन वाजता वाडीत कुणाला उठवायचे याची यादी. यातल्या पहिल्या तीन गोष्टी संगणकाचा विद्यार्थी करू शकेल. चौथी वाडीतल्या माणसाशिवाय होणार नाही. नाविन्य, कल्पकता म्हणतात ती अशा प्रश्नात लागते.

यावर काही शिक्षकांचे म्हणणे आम्ही ऐकले आहे. ते म्हणतात, असे गट केले तर हुशार मुलांचे नुकसान होते, आळशी मुले फुकट गुण घेतात. दुसरी तक्रार खरी आहे. गटात एक जण राबतो आणि तिघे खातात, हे आजही होतेच. त्यावर उपाय असा की गुण देताना तोंडी परीक्षेत कुणालाही कोणत्याही भागावर विचारावे. कोड लिहिणाऱ्याला बिबट्याबद्दल आणि बिबट्यावाल्याला कोडबद्दल. मग प्रत्येक जण दुसऱ्याला शिकवल्यावाचून राहणार नाही. पहिली तक्रार मात्र आम्हाला मान्य नाही. खोडदच्या टेबलावर त्या तीन हुशार मुलांचे नुकसानच झाले होते. त्यांचा कॅमेरा चुकीच्या जागी होता.

आता तर आणखी एक गोष्ट आली आहे. २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि तेव्हापासून विचारले की कोड लिहून देणारी यंत्रे मोबाईलवर येऊन बसली. आमच्या काही मित्रांना वाटते की गरीब पोराचे आता भले झाले, त्याला क्लासवाला नको, मित्र नको, इंग्रजीही फारसे नको. काही अंशी ते खरे आहे आणि त्याने ते जरूर वापरावे. पण दार बंद करून एकट्याने अभ्यास करणारे पोर आता दार बंद करून यंत्राशी बोलेल, ही भीती आम्हाला वाटते. यंत्र त्याला उत्तर देईल. "कॅमेरा गोठ्यावर कशाला लावलास?" असे त्याला कोण विचारणार? आणि कोड लिहिणे स्वस्त झाले, तर मग महाग काय राहिले? प्रश्न नेमका कुठे आहे हे कळणे. ते त्या चौथ्या पोराला कळत होते.

ज्या कार्यकर्त्यांना कॉलेजच्या कारभारात हात घालता येत नाही त्यांनी वसतिगृहापासून सुरुवात करावी. बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापूरला वसतिगृह काढले ते मुलांना नुसते झोपायला जागा मिळावी म्हणून नव्हते. जुन्नर, मंचर, घोडेगाव येथे वसतिगृहांत राहणारी संगणकाची मुले-मुली आहेत. जयंतीच्या वर्गणीतून दोन जुने लॅपटॉप येतात. आठवड्यातून तीन संध्याकाळी, जेवणानंतर दोन तास, एक अवघड प्रश्न आणि सतरंजीभोवती सहा जण. त्यात आपल्याच जातीचे सहा नकोत. मराठ्याचे, माळ्याचे, कोळ्याचे, मुसलमानाचे पोर येत असेल तर त्याला आधी जागा द्या. मुलींची वेळ त्यांना घरी परतता येईल अशी ठेवा, नाहीतर पुन्हा माऊस पोरांच्याच हातात राहील. ओतूर-जुन्नरचा हा भाग सत्यशोधकांचा आहे. एकोणिसाव्या शतकात येथल्या शेतकऱ्यांनी भटजीवाचून लग्ने लावून दाखवली होती. भटजीवाचून कोडिंग शिकणे त्याहून सोपे आहे.

त्या पोराचा पुढे काही पत्ता लागला नाही. चहा संपल्यावर त्याने आमच्याकडून एक कागद मागून घेतला होता आणि मोटरीपाशी कॅमेरा कसा लावता येईल ते पेनाने काढून दाखवले होते. खांब किती उंच हवा, उसाची पाने आड येणार नाहीत असा कोन कोणता, लाईट गेली तर बॅटरी किती वेळ चालेल. तिघांतला एक जण तेवढ्यात येऊन त्याच्या खांद्यावरून वाकून पाहू लागला आणि म्हणाला, "थांब, हा कोन परत काढ." आम्ही तेथून निघालो तेव्हा दोघे त्या कागदावर वाकलेले होते.

येत्या २८ फेब्रुवारीला आम्ही पुन्हा खोडदला जाणार आहोत. ज्यांना जमेल त्यांनी यावे. प्रत्येक टेबलापाशी मागे जो उभा असेल, त्याला पहिला प्रश्न विचारायचा असे आम्ही ठरवले आहे.